करिअर नव्हे, कॅरिअर!

हायवेवर ताशी पासष्ट मैलांच्या स्पीडने जाताना मागच्या आरशात एरवी काय दिसतं? मागची गाडी, आणि फार तर आपलेच विस्कटलेले केस. त्या शनिवारी मला माझी सायकल मान टाकताना दिसली. आधी हँडल कललं, मग पुढचं चाक वाऱ्याने गरागरा फिरायला लागलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून हातवारे केले, 'मागे बघा, मागे!' अमेरिकेत कुणी आपल्यासाठी हॉर्न वाजवला की समजायचं, प्रकरण सीरियस आहे.

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. मित्राकडून उसना आणलेला कॅरिअर होता तो. डिकीच्या झाकणाला सहा पट्टे अडकवायचे, ताणून बसवायचे आणि त्यावर सायकली टांगायच्या, असा एकूण फंडा. त्यातला एक पट्टा सैल झाला होता. सायकल वाचली, पण तिच्या पेडलने डिकीवर हातभर लांब रेघ ओढून ठेवली होती. मग चाकं काढा, एक सायकल डिकीत कोंबा, दुसरी मागच्या सीटवर आडवी करा, आणि उरलेल्या फटीत मला कोंबा. परत येताना चेनचं वंगण माझ्या मांडीवर, आणि पुढच्या सीटवर बाबा. गाडी घराच्या वळणाला लागली तेव्हा ते म्हणाले,

"पट्ट्यावर कुणी भरवसा ठेवतं का?"

तुम्हाला वाटेल, यात काय विशेष? विशेष हे, की दोन आठवड्यांत बाबांचं हे पहिलं अख्खं वाक्य होतं.

ही गोष्ट २०१७ मधली. आम्ही दोघं विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला राहत होतो. दोघंही आयटीत, म्हणजे दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर आणि वीकेंडला 'बाहेर पडायलाच हवं' असं एकमेकांना बजावणं. आई २०१६ च्या डिसेंबरात गेली. एप्रिलच्या शेवटी मी बाबांना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे घेऊन आले. इथली तळी, इथला उन्हाळा बघून माणूस खुलेल, अशी माझी समजूत. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसायचे. चहा दिला की प्यायचे. "कसं वाटतंय?" विचारलं की "छान." जेवण कसं झालंय? "छान." पुण्याला फोन लावून देऊ? "नको, छान आहे." मी ऑफिसमधून दिवसातून तीनदा फोन करायचे आणि तीनदा 'छान' ऐकून मला रडू यायचं.

आणि हाच माणूस एकतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होता! पहिली बरीच वर्षं कसब्यातून सायकलवर. पहाटे साडेपाचला डबा कॅरिअरला, पायजम्याला... सॉरी, पँटला क्लिप, आणि टांग मारून पसार. रविवारी त्याच कॅरिअरवर मी आणि पुढे दांडीवरच्या छोट्या सीटवर धाकटा भाऊ. आई म्हणायची, "तुमचं पहिलं लग्न सायकलशीच झालंय." २०११ मध्ये डेक्कनला एका रिक्षाने कट मारला, बाबा पडले, गुडघा कायमचा आखडला. टांग मारता येईना, तेव्हा सायकल जिन्याखाली गेली. पुढे कधीतरी आईने ती भंगारवाल्याला दिली. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

तर ते पट्ट्याचं वाक्य मी पकडून ठेवलं. रात्री मुद्दाम बाबांसमोर विषय काढला. "नवा कॅरिअर घ्यायचाय. कुठला घ्यावा, काही कळत नाही."

"काय काय मिळतात?"

लागली लॉटरी!

आता तुम्ही पुण्या-मुंबईत सायकलिंग करत असाल, तर पट्टेवाले आणि टपावरचे कॅरिअर तुम्ही पाहिले असतील. टपावरचा दिसायला एकदम स्टायलिश, पण दर वेळी सायकल डोक्याच्या वर उचलायची. माझी उंची पाच फूट एक इंच. शिवाय टपावर सायकल आहे हे विसरून गॅरेजमध्ये गाडी घालणारे महाभाग असतात. आमच्या टीममध्येच एक होता. त्याची सायकल गेली, टप गेला आणि गॅरेजच्या दाराची चौकटही गेली. म्हणून तिकडे तिसरा प्रकार जोरात चालतो. हिच रॅक. गाडीच्या मागच्या बंपरखाली, थेट चासीला, पोलादाचा एक आडवा बार बोल्टने बसवतात. त्याच्या मध्यभागी चौकोनी तोंडाची एक नळी, तिला म्हणतात रिसीव्हर. मूळ उपयोग ट्रेलर ओढायचा. त्या नळीत कॅरिअरची दांडी सरकवायची, आरपार पिन घालायची, झालं. वजन डिकीच्या पत्र्यावर नाही, गाडीच्या सांगाड्यावर.

"हां, हे बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पत्रा हा आकारासाठी असतो, भार घेण्यासाठी नसतो."

पण गंमत पुढेच आहे. रिसीव्हर प्रामुख्याने दोन मापांचे. सव्वा इंच आणि दोन इंच. पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींना दोन इंची, आमच्या सेकंडहँड सिव्हिकसारख्या छोट्या गाड्यांना बहुतेक सव्वा इंची. मला वाटलं, पाऊण इंचाने काय असा फरक पडतो? सगळा फरक त्या पाऊण इंचातच आहे! छोट्या गाडीच्या साध्या हिचला, ज्याला 'क्लास वन' म्हणतात, उभा भार साधारण दोनशे पौंडांपर्यंत चालतो. आम्ही दोघांनी लगेच बेरीज केली. रॅक पन्नास पौंड, सायकली तीस-तीस. एकशे दहा. म्हणजे तीन सायकलीसुद्धा आरामात!

बाबांनी विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं आणि मागे तरफ काढली. तीच, शाळेतली. "हे दोनशे कुठे? नळीच्या तोंडाशी. तुमच्या सायकली कुठे? तोंडापासून दोन-तीन फूट लांब. बादली छातीशी धरून उभी राहा आणि मग हात लांब करून धर. बादली तीच, हात भरून येतो की नाही? त्यात रस्त्यावर खड्डे."

"बाबा, इथे खड्डे नसतात," इति नवरोबा.

"विस्कॉन्सिनात बर्फ पडतो ना? मग असणार."

(होते. थंडीनंतर तिकडचे रस्तेही आपल्या तोंडात मारतील असे होतात. फक्त लवकर बुजवतात.)

म्हणूनच सव्वा इंचीवर प्लॅटफॉर्म रॅकला बहुतेक कंपन्या दोनच सायकली देतात. मागे आणखी दोन सायकलींची जोड लावायची सोय असते, पण ती दोन इंचीला. आम्ही दोघं, सायकली दोन, प्रश्न मिटला. निदान त्या रात्री तरी मिटला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा साडेआठला बूट घालून तयार! दुकान दहाला उघडतं, हे सांगितल्यावर दीड तास बूट घालूनच बसले.

दुकानात दोन जातींचे रॅक मांडलेले. हँगिंग आणि प्लॅटफॉर्म. हँगिंग म्हणजे एक खांब आणि वरून मागे आलेले दोन हात. सायकलची वरची दांडी त्या हातांवर ठेवायची आणि रबरी पट्ट्यांनी आवळायची. स्वस्त, हलका, काढून ठेवला की जागा कमी. पण सायकली झोके घेतात, एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये. प्लॅटफॉर्ममध्ये सायकल चाकांवर उभी राहते, प्रत्येकीला आपली पन्हळ. पुढच्या चाकावर एक आकडा येऊन घट्ट बसतो, मागच्या चाकाला पट्टा. फ्रेमला कुणी हातच लावत नाही. शिवाय गुडघ्याएवढं उचललं की काम झालं. किंमत मात्र हँगिंगच्या दुप्पट-तिप्पट. तूले, याकिमा, क्युआट, सारिस अशी नावं. यातली सारिस तर आमच्या मॅडिसनचीच.

सेल्समन पोरगा उत्साहाने कप होल्डर दाखवावेत तसे फीचर्स दाखवत होता. हे बघा कुलूप, हा बघा बॉटल ओपनर. (खरंच! एका रॅकला होता. सायकलवरून उतरून बीअर, ही तिकडची संस्कृती.) बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वाकले, नाही, त्यांना वाकता येत नाही, एक पाय लांब करून तिरके बसले, आणि रॅकचं टोक धरून गदागदा हलवलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. कान लावून ऐकलं.

"धिस वन, प्ले," बाबा म्हणाले. "दॅट वन, नो प्ले."

पोरगा बघतच राहिला. बाबांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं त्या सगळ्या धंद्याच्या दुखऱ्या नसेवर. नळी आणि दांडी यांच्यात केसभर फट असते, नाहीतर दांडी आत जाणारच नाही. पण ती फट दर खड्ड्याला खडखडते आणि टोकाला सायकल वीतभर डुलते. म्हणून चांगल्या रॅकला एक अँटी-वॉबल बोल्ट असतो. बाहेरून नॉब फिरवला की आतली पाचर पसरून नळीला घट्ट बसते. बाबांनी नॉब स्वतः फिरवला, पुन्हा हलवला आणि मान डोलावली. मग वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. एकतीस वर्षं जो अंगठा जॉब पास-रिजेक्ट करत होता, तोच. मला एकदम घशाशी आलं. मी उगाच हेल्मेटं बघायला निघून गेले.

परत आले तर दोघांची दोस्ती झालेली. पोरगा डिकी उघडायची युक्ती दाखवत होता. खटका दाबला की अख्खा रॅक सायकलींसकट मागे कलतो. ही गोष्ट नक्की बघून घ्या, नाहीतर पाण्याच्या बाटलीसाठी दोन्ही सायकली उतरवाव्या लागतात. आणि रिकामा असला की वर दुमडून गाडीला चिकटतो की नाही, तेही. नाहीतर पार्किंगमध्ये लोकांच्या नडग्या फोडाल. मागचा कॅमेरा आणि नंबरप्लेट झाकली जाते, हा सगळ्यांचाच प्रॉब्लेम.

मग त्या पोराने सहज विचारलं, "अँड व्हॉट डू यू राइड, सर?"

बाबा हसले. "आय रोड," म्हणाले. "पास्ट टेन्स."

गाडीत कुणी बोललं नाही. रॅक न घेताच परत आलो होतो. रात्री नवरा म्हणाला, "बाबांसाठी पण सायकल घेऊ या." मी म्हटलं, टांग? तो म्हणाला, "दांडी नसलेली."

सकाळी चहावर विषय काढला. बाबांनी कप खाली ठेवला. "लेडीज सायकल?"

"बाबा, इथे तिला स्टेप-थ्रू म्हणतात."

"काहीही म्हणा. मी लेडीज सायकलवर बसणार नाही."

संपलं. पुन्हा खिडकी, पुन्हा 'छान'. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर बाबा बाल्कनीत उभे. समोरच्या सायकल ट्रॅकवरून एक आजोबा चालले होते. ऐंशीच्या पुढचे, सहा फुटी, दाढीवाले, पांढरीशुभ्र दांडी नसलेली सायकल, पुढे बास्केट आणि बास्केटमध्ये कुत्रा. बाबांनी त्यांना पार वळणापर्यंत नजरेने पोचवलं. "ब्रेक कुठला असतो यांना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चला, बघून येऊ. जुन्या सायकलींच्या दुकानातून एकशेदहा डॉलरची एक हिरवी घेऊन आलो. किंमत ऐकून बाबांनी गुणिले पासष्ट केलं. "माझी पहिली दोनशे ऐंशी रुपयांना होती. नवी!"

पार्किंगमध्ये पहिल्या दिवशी ते दोनदा डगमगले. तिसऱ्यांदा गेले ते थेट कोपऱ्यापर्यंत. वळताना हात बाहेर काढून सिग्नल दिला. रिकाम्या पार्किंगमध्ये.

आता झाली का पंचाईत! सायकली तीन. प्लॅटफॉर्मवर दोन. तीन न्यायच्या तर हँगिंग, पण हँगिंगला वरची दांडी लागते आणि बाबांच्या सायकलला नेमकी तीच नाही. त्यावर उपाय म्हणून सीटच्या खांबापासून हँडलपर्यंत लावायची खोटी दांडी मिळते. बाबा म्हणाले, "म्हणजे लेडीज सायकलला जेंट्स करायचं आणि मग टांगायचं? आणि ती सगळ्यात जड, ती आतल्या बाजूला येणार, म्हणजे दर वेळी आधी माझी चढवा, शेवटी माझी उतरवा. नको." गाडी बदलायची? एका रॅकसाठी? मी मात्र एका रात्री एसयूव्हींचे भाव काढून बसले होते. माणूस कुठल्या थराला जातो बघा.

सोडवलं ते नवऱ्याने. आम्हाला जायचं होतं एलरॉय-स्पार्टा ट्रेलला, आमच्यापासून दीडेक तासावर. जुन्या रेल्वेलाइनचे रूळ काढून १९६० च्या दशकात केलेला हा सायकलरस्ता. अशा रस्त्यांमध्ये अमेरिकेतला अगदी पहिल्यांपैकी. बत्तीस मैल लांब, रेल्वेचा असल्यामुळे चढ एकदम सौम्य, आणि वाटेत तीन बोगदे. तो नकाशा बघत म्हणाला, "अरे, ही वाट एका गावातून निघते आणि दुसऱ्या गावात संपते. मग गाडी पलीकडे आणणार कोण?"

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी आणतो. पुस्तक घेऊन येतो. तुम्ही दोघं जा."

त्याला बोगद्यात जाम भीती वाटते, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं. ते असो.

हिच बसवायला तास लागला, दोनशे डॉलर गेले. गाडी लिफ्टवर असताना बाबांनी खाली जाऊन बोल्ट बघायची परवानगी मागितली. मेकॅनिकने चक्क दिली. रॅक चारशेचा, दोन सायकलींचा, नो प्ले. घरापासून पन्नास मैलांवर बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि नॉब पुन्हा पिळून बघितला. "पहिल्या धावेनंतर सगळं परत आवळायचं असतं." पाव फेरा फिरला खरा.

जूनचा दुसरा शनिवार. आम्ही अख्खे बत्तीस मैल नाही केले, इतका माज नव्हता. नॉरवॉक नावाच्या खेड्यातून स्पार्टापर्यंतचे अकराएक मैल. चुनखडीचा बारीक चुरा दाबून केलेली वाट, दोन्हीकडे हिरवं गच्च. बाबा पुढे, मी मागे. मला त्यांची पाठ दिसत होती. शर्टात वारा भरलेला, आणि पँटला क्लिप! पुण्याहून आणली होती का कुठे मिळाली, मी विचारलं नाही.

आणि मग तो तिसरा बोगदा. तीन हजार आठशे दहा फूट. पाऊण मैलाच्या आसपास अंधार. आत सायकल चालवायची नाही, उतरून हातात धरून चालायची, टॉर्च लावून. तोंडाशीच भली मोठी लाकडी दारं. थंडीत आत पाणी गोठून दगड फुटू नयेत म्हणून ती बंद ठेवत. रेल्वेच्या काळात गाडी यायच्या वेळेला माणूस ती उघडायचा आणि गाडी गेली की लावायचा. बाबांना हे इतकं आवडलं, की दाराच्या बिजागऱ्या बघायलाच दहा मिनिटं थांबले.

आत बाहेरच्यापेक्षा केवढं तरी गार. छतातून पाणी ठिबकत होतं, अंगावर, टॉर्चवर. शंभर पावलांनंतर मागचं तोंड नाण्याएवढं झालं आणि पुढचं अजून दिसत नव्हतं. बाबांच्या सायकलचं फ्रीव्हील टिकटिक करत होतं. तेवढाच आवाज.

"खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की तुझी आई माझा हात धरायची," बाबा म्हणाले. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा धरला. मग प्रत्येक वेळी. पोरं झाली तरी. तुम्ही खिडकीतून ओरडत असायचा, तुम्हाला काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं.

"मी सायकल दिली नव्हती तिला भंगारात द्यायला," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं, दे म्हणून. जिन्याखाली बघवत नव्हती मला. ती नको म्हणत होती. म्हणायची, राहू दे, कधीतरी बसाल."

टॉर्च माझ्या हातात होता. तो मी खाली, वाटेवरच ठेवला.

पुढचं तोंड दिसायला लागलं. आधी टिकलीएवढं, मग हिरवं. बाहेर आल्यावर बाबांनी रुमालाने चष्मा पुसला, सायकलची सीट पुसली आणि म्हणाले, "आता उतार आहे ना? मग तू मागे राहा. माझ्या पुढे जाऊ नकोस."

स्पार्टाला नवरा गाडीच्या डिकीत बसून वाचत होता. रॅक मागे कलवून ठेवलेला. "कसं झालं?" त्याने विचारलं.

"छान," बाबा म्हणाले, आणि मग पुढची चाळीस मिनिटं त्याला बोगद्याची दारं समजावून सांगितली.

त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी पाच ट्रेल केले. ऑक्टोबरात बाबा परत गेले. हिरवी सायकल आमच्या बेसमेंटमध्ये आहे, रॅकही तिथेच. थंडीत तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते लोखंड खातं, म्हणून नोव्हेंबरात रॅक काढायचा, पिनला ग्रीस लावायचं आणि रिसीव्हरच्या तोंडाला रबरी बूच बसवायचं. हे मला चांगलं माहीत आहे. तरी दर नोव्हेंबरात पुण्याहून फोन येतो.

"बूच लावलं का गं?"

"लावलं, बाबा."

"आणि ग्रीस?"

"तेही."

"ते नाही विचारत. कुठलं लावलं?"